संग्रहणीपासून कर्करोगापर्यंत : डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

सन १८९५ या वर्षी तीन गोष्टी घडल्या, आणि त्या तिन्हींचा एकमेकींशी संबंध येईल असे तेव्हा कोणालाही वाटले नसते. १२ जानेवारी रोजी गोदावरीच्या मुखाजवळील भीमवरम गावी एका तेलुगू ब्राह्मणाच्या घरी मुलगा झाला. ६ फेब्रुवारीस अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी एका गुत्तेवाल्याच्या घरी मुलगा झाला. आणि ८ नोव्हेंबरला जर्मनीत वुर्झबर्ग येथे प्राध्यापक राँटगेन यांना आपल्या अंधाऱ्या प्रयोगशाळेत क्षकिरण सापडले. पहिला मुलगा म्हणजे येल्लाप्रगडा सुब्बाराव, ज्यांचे चरित्र सांगावयास मी बसलो आहे. दुसरा मुलगा आणि क्षकिरण हे दोघेही या चरित्रात पुढे योग्य ठिकाणी येतील.

भीमवरम आपल्या हैद्राबादहून फार लांब नाही. रात्रीच्या गाडीत बसले की सकाळी तेथे उतरता येते. असे असूनही आपल्या महाविद्यालयातील मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना हे नाव ठाऊक आहे, याची मला शंका आहे. मी वाणिज्य शाखेचा, तोही मराठी माध्यमातून शिकलेला. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. तेव्हा विज्ञान शाखेच्या मित्रांनी व प्राध्यापकांनी माझ्या साध्या भाषेस हसू नये, एवढी विनंती करून पुढे जातो.

सुब्बारावांचे वडील जगन्नाथम महसूल खात्यात नोकरीस होते. प्रकृती बिघडल्यामुळे त्यांना वेळेआधीच नोकरी सोडावी लागली आणि मोठ्या कुटुंबाचा गाडा ओढण्याचे काम आई वेंकम्मा यांच्यावर आले. मुलगा हूड होता. अभ्यासात लक्ष नाही आणि डोक्यात मात्र श्रीमंत होण्याचे वेड. तेरा वर्षांचा असताना एका चुलत भावास बरोबर घेऊन तो घरातून पळाला. बेत असा की, काशीस जावयाचे आणि यात्रेकरूंना केळी विकून पैसा करावयाचा! वाटेतच दोघे सापडले व घरी आणले गेले. वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून मला या बेतात काही खोट दिसत नाही. काशीस यात्रेकरू कधी कमी पडत नाहीत आणि केळ्याला गिऱ्हाईक कायमचे आहे. परंतु आईने तो धंदा बुडविला, आणि जगाच्या दृष्टीने ते बरेच झाले.

मॅट्रिकची परीक्षा त्याने तिसऱ्या खेपेस दिली तेव्हा कुठे पदरात पडली. दरम्यान वडील वारले. शिक्षणासाठी आईने अंगावरचे दागिने विकले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जाऊन मुलगा आता सुधारेल असे तिला वाटले असावे, तोच त्याच्या मनाने दुसरेच वळण घेतले. तो रामकृष्ण मठात जाऊ येऊ लागला आणि संन्यास घेण्याच्या गोष्टी बोलू लागला. मठातील साधूंनी त्याला आईची परवानगी आणावयास सांगितले. ती अर्थातच मिळाली नाही. तेव्हा त्यांनी त्याला वैद्यकी शिकून लोकांची सेवा करण्याचा सल्ला दिला. अशा रीतीने काशीस निघालेला केळीवाला आणि मठात निघालेला संन्यासी, दोघेही मद्रास मेडिकल कॉलेजात येऊन पोचले. शिक्षणाचा खर्च मित्रांनी आणि पुढे कस्तुरी सूर्यनारायण मूर्ती या गृहस्थांनी उचलला. त्यांचीच कन्या शेषगिरी हिच्याशी सुब्बारावांचा विवाह झाला.

तो काळ गांधीजींच्या हाकेचा होता. विलायती मालावरील बहिष्कार मनावर घेऊन सुब्बाराव शस्त्रक्रियेच्या वर्गातही खादीचा अंगरखा घालून जाऊ लागले. शस्त्रक्रियेचे प्राध्यापक ब्रॅडफील्ड यांना हे आवडले नाही. लेखी परीक्षेत उत्तम काम करूनही सुब्बारावांना एम. बी. बी. एस. ही पूर्ण पदवी न मिळता एल. एम. एस. हे खालच्या दर्जाचे प्रमाणपत्र मिळाले. अंगावरच्या एका कापडाची ही किंमत त्यांना पुढे समुद्रापार जाऊनही मोजावी लागली, ते येईलच.

याच वर्षांत घरावर मोठा आघात झाला. त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने संग्रहणीने गेले. संग्रहणी म्हणजे जुलाब काही केल्या थांबत नाहीत, अन्न अंगी लागत नाही, जिभेवर फोड येतात, रक्त पातळ होते आणि माणूस वाळत वाळत जातो. माझ्या कन्नड आजोळी याला ग्रहणी म्हणतात. पाश्चात्त्य वैद्यकाकडे तेव्हा या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. खुद्द सुब्बारावांनाही हा रोग जडला होता. त्यांना गुण आला तो डॉ. आचंट लक्ष्मीपती यांच्या आयुर्वेदिक उपचाराने. त्यामुळे पास झाल्यावर त्यांनी मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शिकविण्याचे काम धरले. पण असे का होते, शरीरात नेमके काय कमी पडते, हा प्रश्न त्यांना सोडीना. याचे उत्तर शोधण्यास लागणारी प्रयोगशाळा मद्रासेत नव्हती. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात उष्णकटिबंधीय रोगांचे शिक्षण मिळते असे कळल्यावर त्यांनी तिकडे जाण्याचा ध्यास घेतला. काकिनाड्याच्या सत्यलिंगम नायकर धर्मादाय निधीने काही रक्कम दिली, काही सासऱ्यांनी दिली, आणि सुब्बाराव बोटीत बसले. शेषगिरी तेव्हा गरोदर होत्या. तीन वर्षांत परत येतो असे सांगून ते निघाले. पुढे मुलगा झाला, पण वर्षाच्या आतच तो दगावला. बापाने त्याला पाहिले नाही आणि पत्नीचीही पुन्हा कधी भेट झाली नाही. या चरित्रातील हे पान मला चटकन उलटता येत नाही. चरित्रकार सहसा येथून पुढे सुब्बारावांबरोबर बोटीत बसून निघून जातात. मागे आंध्रात राहिलेल्या बाईची पंचवीस वर्षे कोणत्याच खात्यात जमा झालेली दिसत नाहीत.

बोस्टनला पोचल्यावर एल. एम. एस. चे प्रमाणपत्र पुढे ठेवले, तर ते डॉक्टरकीच्या उमेदवारीस पुरेना. पोटासाठी त्यांनी तेथील एका रुग्णालयात रात्रपाळीचे हमालाचे काम धरले. रोग्यांची मलमूत्राची भांडी उचलावयाची, धुवावयाची आणि सकाळी अंघोळ करून वर्गात बसावयाचे. १९२४ मध्ये पदविका मिळाली आणि मग ते हार्वर्डच्या जीवरसायन विभागात सायरस फिस्के या प्राध्यापकांच्या हाताखाली काम करू लागले.

येथील कामाविषयी मी थोडक्यातच लिहितो, कारण ते नीट समजावून सांगण्याचा अधिकार माझा नाही. १९२५ मध्ये फिस्के व सुब्बाराव यांनी रक्तातील व लघवीतील फॉस्फरस मोजण्याची एक सोपी रीत प्रसिद्ध केली. द्रव निळा होतो, जितका निळा तितका फॉस्फरस अधिक. ही रीत इतकी कामाची ठरली की, जगभरच्या प्रयोगशाळांत ती दोघांच्या नावानेच ओळखली जाते. तिच्याच साहाय्याने १९२७ मध्ये त्यांनी स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन शोधले. १९२२ चे नोबेल पारितोषिक ज्या संशोधनास मिळाले होते, त्यातील स्नायू कसा आकसतो याविषयीची समजूत यामुळे डळमळीत झाली. १९२९ मध्ये ए. टी. पी. हा पदार्थ त्यांनी वेगळा काढला. जर्मनीत कार्ल लोमान यांनाही तो त्याच वर्षी स्वतंत्रपणे सापडला. आपण चालतो, बोलतो, परीक्षेच्या आदल्या रात्री जागतो, त्या प्रत्येक हालचालीचा चलनी रुपया म्हणजे हे ए. टी. पी. होय. १९३० मध्ये सुब्बारावांना हार्वर्डची डॉक्टरेट मिळाली.

एवढे करूनही हार्वर्डने त्यांना कायम नोकरी दिली नाही. वर्षामागून वर्षे ते कनिष्ठ जागेवरच राहिले. फिस्के यांच्याच प्रयोगशाळेत शिकलेले जॉर्ज हिचिंग्स, ज्यांना पुढे १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनी उत्तरायुष्यात असे सांगितले की, सुब्बारावांचे काही शोध फिस्के यांनी बहुधा मत्सरापोटी उजेडात येऊ दिले नाहीत आणि ते इतरांना वर्षांनंतर नव्याने लावावे लागले. यात गोऱ्या-काळ्याचा भाग किती आणि दोन माणसांच्या स्वभावाचा किती, हे एवढ्या दुरून ठरविणे बरे नव्हे. शिवाय सुब्बाराव स्वतःही आपले नाव पुढे करण्यात अगदीच कच्चे होते. १९४० साली ते हार्वर्ड सोडून न्यूयॉर्कजवळील पर्ल रिव्हर येथे लेडर्ले या औषध कंपनीत गेले व पुढे तेथील संशोधनाचे संचालक झाले.

विद्यापीठ सोडून कंपनीत गेले म्हणजे ज्ञान सोडून पैशामागे गेले, असे आपल्याकडील पुष्कळांना वाटते. वाणिज्य शाखेतर्फे मी याला हरकत घेतो. विद्यापीठाने जे पंधरासोळा वर्षांत दिले नाही, म्हणजे माणसे, यंत्रे आणि विश्वास, ते कंपनीने दिले. नफ्यासाठी दिले, हे खरेच. परंतु सुब्बारावांची पुढील सर्व मोठी कामे या आठ वर्षांतली आहेत.

येथे आपल्याला थोडे मागे व मुंबईस यावे लागेल. १९२८ नंतर ल्यूसी विल्स नावाच्या एक इंग्रज डॉक्टर मुंबईत गरोदर स्त्रियांच्या पांडुरोगाचा अभ्यास करीत होत्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायका या रोगाने फार मरत. विल्सबाईंना असे दिसले की, यीस्टपासून केलेला मार्माइट नावाचा स्वस्त पदार्थ दिला की या बायकांचे रक्त सुधारते. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. यीस्टमधील तो गुणकारी अंश कोणता हे मात्र तेव्हा कळले नाही. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून असाच एक अंश निघाला आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल असे नाव मिळाले. परंतु ढीगभर पाला घोटावा तेव्हा चिमूटभर हाती येणार. रोग्याला द्यावयाचे तर तो पदार्थ कारखान्यात तयार करता आला पाहिजे. सुब्बारावांच्या लेडर्लेतील मंडळींनी १९४५ मध्ये हे साधले. त्या शोधनिबंधावर सोळा जणांची नावे आहेत. लागलीच डॉ. टॉम स्पाइस यांनी ते औषध क्यूबातील संग्रहणीच्या रोग्यांना दिले आणि मरणाच्या दारातील माणसे उठून जेवू लागली. म्हणजे दोन भाऊ ज्या रोगाने गेले त्याचे औषध सुब्बारावांच्या हातून झाले खरे, पण त्यास पाव शतकाहून अधिक काळ लोटला.

आता कर्करोगाकडे वळू. पेशी दुप्पट होण्यास फॉलिक आम्ल लागते, कारण त्यावाचून तिला आपला गुणसूत्रांचा नवा संच बांधता येत नाही. कर्करोगाची पेशी तर सारखी दुप्पट होत असते. तेव्हा अशा रोग्यास फॉलिक आम्लाचे प्रकार देऊन पाहावे की उलट ते तोडावे, असा प्रश्न उभा राहिला. प्रथम देऊन पाहण्यात आले. सुब्बारावांच्या प्रयोगशाळेत तयार झालेला टेरोप्टेरिन नावाचा असा एक प्रकार उंदरांच्या गाठीवर थोडा उपयोगी पडल्यासारखा वाटला होता. आणि येथेच १८९५ चा तो दुसरा मुलगा आपल्या कथेत येतो.

त्याचे नाव बेब रूथ. आपल्याकडे क्रिकेट तसे अमेरिकेत बेसबॉल, आणि बेसबॉलमध्ये रूथ म्हणजे देव. चेंडू थेट मैदानाबाहेर भिरकावण्याचा पराक्रम त्याने ७१४ वेळा केला. १९४६ च्या हिवाळ्यात त्याच्या डाव्या डोळ्यामागे असह्य कळा येऊ लागल्या, आवाज घोगरा झाला, घास गिळवेना. नाकाच्या मागे, जेथे श्वासाची वाट घशात उतरते, त्या कोनाड्यात कर्करोगाची गाठ होती. ती जागा अशी अडचणीची की सुरी पोचत नाही. डॉक्टरांनी क्षकिरण दिले, मानेवर शस्त्रक्रियाही केली. पण रोग हटेना, वजन झपाट्याने उतरले. मग जून १९४७ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातील डॉ. रिचर्ड लेविसोन यांनी त्याला टेरोप्टेरिनची रोज एक सुई द्यावयास प्रारंभ केला. माणसावर हे औषध तोवर फारसे वापरलेच गेले नव्हते. सुमारे सहा आठवड्यांत मानेच्या गाठी कमी झाल्या, तो जेवू लागला, वजन वाढले. सप्टेंबरात सेंट लुई येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग परिषदेत त्याचे नाव न सांगता ही हकीकत मांडली गेली आणि वर्तमानपत्रांनी कर्करोगावर औषध सापडल्याचा गवगवा केला. आपल्याला कोणता रोग आहे हे रूथला उघड सांगितलेले नव्हते, असे म्हणतात. ही रीत आपल्याच घरांतली आहे असे मी समजत होतो!

आधी किरण आणि मग रासायनिक औषध असे दोन्ही उपचार झालेल्या अगदी पहिल्या रोग्यांत रूथची गणना होते. त्याला तात्पुरता आराम पडला तो त्या सुयांनी की आधीच्या किरणांनी, हे मात्र नक्की सांगता येण्यासारखे नाही, कारण टेरोप्टेरिन पुढे फार काळ टिकले नाही.

ते का टिकले नाही, हे बोस्टनला कळले. तेथील बालरुग्णालयातील डॉ. सिडनी फार्बर यांनी लेडर्लेकडून आलेले फॉलिक आम्लाचे प्रकार रक्ताच्या कर्करोगाच्या रोग्यांना दिले, तर रोग उलट भडकला. दुसरा एखादा येथेच हात टेकता. फार्बर यांनी मात्र यातून सरळ हिशेब मांडला : खत घातल्याने तण माजतो, तर खतासारखे दिसणारे परंतु खत नसलेले काही घातले पाहिजे. असे फसवे पदार्थ सुब्बारावांच्या प्रयोगशाळेत तयार होतच होते. कुलपात बसते पण फिरत नाही अशा किल्लीसारखे हे पदार्थ पेशीत शिरतात आणि खऱ्या फॉलिक आम्लाची जागा अडवून धरतात. त्यांतील अमिनोप्टेरिन हे औषध डिसेंबर १९४७ च्या शेवटच्या आठवड्यात फार्बर यांनी प्रथम एका लहान मुलाला दिले. हातपाय सुजून अंथरुणास खिळलेले ते पोर काही आठवड्यांत चालू लागले. जून १९४८ मध्ये सोळा मुलांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांतील दहांना गुण आला होता. तो टिकला नाही, काही महिन्यांनी रोग परतला. तरीही या रोगात मुले नुसती मरताना पाहण्याची सवय झालेल्या डॉक्टरांनी असे पूर्वी पाहिलेले नव्हते. याच औषधाचे थोडे सौम्य भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट.

सुब्बारावांनी हा अहवाल पाहिल्यास फार तर दोन महिने झाले असतील. ८ ऑगस्ट १९४८ रोजी रात्री झोपेतच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय ५३. त्यानंतर आठ दिवसांनी, १६ ऑगस्ट रोजी, बेब रूथ गेला. त्याच्या शवपेटीचे दर्शन घेण्यास न्यूयॉर्कच्या मैदानावर हजारोंची रांग लागली. ज्यांच्या प्रयोगशाळेतून त्याचे औषध आले, त्यांचे नाव त्या रांगेतील कोणास ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

इतर दोन औषधांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. हत्तीरोगावरील डायएथिलकार्बामाझिन, जे आजही सरकारी कर्मचारी आपल्या तेलंगणात व आंध्रात घरोघर जाऊन गिळावयास लावतात, ते १९४७ मध्ये सुब्बारावांच्या हाताखाली निघाले. आणि त्यांच्याच देखरेखीखाली वृद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन डग्गर यांनी मिसूरीच्या एका शेतातील मातीतून ऑरिओमायसिन शोधले. टेट्रासायक्लिन कुळातील हे पहिले औषध. १९९४ मध्ये सुरतेस प्लेग आला तेव्हा लोक ज्या गोळ्यांसाठी दुकानांपुढे झुंबड करीत होते, त्या याच कुळातल्या.

पुन्हा घशाकडे येतो, कारण हा विषय माझ्या घरातला आहे. दोन वर्षांपूर्वी कलबुर्गीच्या माझ्या मामांचा एक कान बसला. आवाज नाकात येऊ लागला, सर्दी म्हणून महिने गेले, शेवटी मानेत गाठ लागली. हैद्राबादेत तपासणी झाली तेव्हा नाकामागच्या घशाचा कर्करोग निघाला. रूथची होती तीच जागा. हा रोग भारतात क्वचितच होतो. दक्षिण चीन, हाँगकाँग आणि आपल्याकडे नागालँड येथे तो अधिक आढळतो. डॉक्टर तेलुगूत व इंग्रजीत बोलत, मामा कन्नडात विचारीत आणि मामी माझ्याकडे पाहून मराठीत रडत. दुभाष्याचे आणि खर्चाची वही ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. सात आठवडे, रविवार सोडून बहुतेक रोज किरण, आणि ठराविक दिवशी शिरेतून सिस्प्लॅटिन. दोन्ही एकदम कशाला, एक संपले की दुसरे द्या, असे मामींचे म्हणणे होते. त्याचे उत्तर मला तेथील एका तरुण डॉक्टरांनी कागदावर रेघा ओढून समजावून दिले. किरण पेशीच्या गुणसूत्रांचे धागे तोडतात. पेशी ते रात्रीतून सांधू पाहते. औषध अंगात असले की तिला सांधता येत नाही. म्हणून एकाच वेळी. १९९८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत या रोगात नुसते किरण दिलेल्यांपैकी तीन वर्षांनी शंभरात ४७ जिवंत होते, तर किरणांबरोबर सिस्प्लॅटिन व नंतर आणखी औषध दिलेल्यांपैकी ७८. हे दोन आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले होते. खर्च वाढला की ते मामींना दाखवीत असे.

या उपचाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तोंड आतून सोलवटून निघते, पाणीही तिखट लागते, लाळ सुकते ती पुष्कळदा कायमची. मामांचे अन्न तीन आठवडे नाकातील नळीवाटे चालले. ते आज कलबुर्गीत आपल्या दुकानात बसतात, जवळ पाण्याची बाटली घेऊन. तपासणीस दर तीन महिन्यांनी येतात.

मामांना दिलेले औषध सुब्बारावांचे नव्हते. सिस्प्लॅटिनचा गुण १९६५ नंतर उमगला आणि १९७८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पण त्याआधी डोके, मान व घसा यांच्या कर्करोगांत डॉक्टरांची भिस्त मेथोट्रेक्सेटवरच होती, आणि किरणांबरोबर देऊन पाहिलेल्या सुरुवातीच्या औषधांत तेही होते. इंग्लंडात मँचेस्टर येथील अशी एक चाचणी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. श्वासनलिकेचा कर्करोग तर याहून दुर्मिळ, दहा लाख माणसांत वर्षाला एकाच्या आसपास. त्यामुळे अशा मोठ्या चाचण्या त्यात घेताच येत नाहीत. बोटभर लांबीची ती नळी, निम्म्याहून अधिक कापता येत नाही. जेथे कापणे शक्य नसते तेथे डॉक्टर शेजारच्या अवयवांवर सिद्ध झालेला हाच किरण-औषधांचा जोडउपचार उसना घेतात.

सुब्बाराव गेल्यानंतर आठ वर्षांनी, १९५६ मध्ये, मिन चिऊ ली व रॉय हर्ट्झ यांनी गर्भवेष्टनाच्या एका घातक कर्करोगातून स्त्रिया केवळ मेथोट्रेक्सेटने पूर्ण बऱ्या होतात असे दाखविले. घन गाठीचा कर्करोग औषधाने बरा होण्याची ती पहिली वेळ. लेडर्लेच्या संशोधकांनी एका नव्या बुरशीला सुब्बारोमायसेस असे नाव दिले. अमेरिकेत आयुष्य काढूनही सुब्बारावांनी तेथील नागरिकत्व घेतले नव्हते. १९४६ च्या कायद्याने हिंदी माणसाला ते मिळू लागले, पण त्यांनी शेवटचा अर्ज केलाच नाही. भारताने त्यांच्या जन्मशताब्दीस, १९९५ मध्ये, त्यांचे टपाल तिकीट काढले.

मेथोट्रेक्सेट आजही जुने झालेले नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०२० मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. डोके व मानेचा कर्करोग परत उलटलेले, शस्त्रक्रियेपलीकडे गेलेले ४२२ रोगी त्यात होते. निम्म्यांना शिरेतून सिस्प्लॅटिन दिले. बाकीच्यांना आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या व जोडीला सेलेकॉक्सिब ही वेदनाशामक गोळी, घरी बसून घ्यावयाची. सिस्प्लॅटिनवाल्यांपैकी निम्मे ६.१ महिने जगले, गोळ्यांवाले ७.५ महिने, आणि गोळ्यांचा त्रासही कमी झाला. दीड महिना म्हणजे फार नव्हे, हे मान्य. पण या गोळ्यांसाठी बिदर-नांदेडकडच्या रोग्याला घर गहाण टाकून शहरात खोली घ्यावी लागत नाही, आणि खर्चाची वही लिहिणाऱ्याला या फरकाची किंमत कळते.